गाडीवरचा रेडिओ

आमच्या ॲम्बॅसिडरवर सॅटेलाइट रेडिओची अँटेना बसवायची आणि ती कोणाच्या नजरेस पडू द्यायची नाही, असा ठराव २००८च्या जानेवारीत आमच्या सोलापूरच्या घरी एकमताने झाला. एकमताने म्हणजे चाचांनी मांडला, अब्बांनी मान हलवली आणि आम्हांला कोणी विचारले नाही. आम्ही म्हणजे तसे एकटेच. घरात उर्दूत ‘हम’ म्हणायची सवय लागली ती मराठीत लिहितानाही सुटत नाही. तेव्हा आम्ही एकोणीस वर्षांचे होतो आणि वायरी जोडण्या-तोडण्याचे काम घरात आम्हांलाच येत होते, म्हणून ठरावाची अंमलबजावणी आमच्याकडे आली.

रेडिओ दादांसाठी होता. अब्बांचे वडील. गिरणीत जॉबर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस नमाज, उर्दू वर्तमानपत्र आणि रेडिओ यांत जायचा. २००६ मध्ये काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेली. वर्तमानपत्र सुटले. आम्ही रोज थोडे वाचून दाखवायचो, पण कॉलेजची घाई असली की बातम्या गाळायचो आणि दादांना ते कळायचे. उरला रेडिओ. आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस १९६५ पासूनची. रात्री दिल्लीहून मीडियम वेव्हवर यायची ती सोलापुरात पोहोचेपर्यंत निम्मी खरखरच असायची. दादा ट्रान्झिस्टर उशीजवळ घेऊन तो तिरका-आडवा करत बसायचे.

२००७ मध्ये अब्बांनी पुण्याहून वर्ल्डस्पेसचा रेडिओ आणला. आजच्या मुलांना हे नाव सांगावे लागते. आमच्या वर्गात विचारले तर एकही हात वर येत नाही. एशियास्टार नावाचा उपग्रह २१ मार्च २००० रोजी सोडला होता. १०५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीबरोबर फिरायचा. म्हणून जमिनीवरून पाहता एकाच जागी खिळल्यासारखा. तिथून आवाज थेट घरातल्या रेडिओवर यायचा. वर्षाची वर्गणी भरायची आणि ऐकायचे. जुन्या हिंदी गाण्यांचे फरिश्ता, हिंदुस्थानी संगीताचे गंधर्व आणि उर्दूचे फलक. दादांना फलक मिळाले आणि घरात महिनाभर ईद होती. खरखर नाही, मध्येच दुसरे स्टेशन घुसत नाही.

ही कंपनी काढणारे नोआ समारा हे जन्माने इथिओपियाचे. आम्ही ते कुठेतरी वाचले होते, दादांना सांगितले. दादा म्हणाले, “हबशा का आदमी है तो आवाज अच्छाच रहेंगा. हजरत बिलाल (रजि.) कहाँ के थे?” त्यानंतर दादा त्या रेडिओला ‘हबशी’ म्हणायचे, आणि उपग्रहाला आमच्या शाळेतल्या उर्दू पुस्तकाप्रमाणे ‘मसनूई सय्यारा’.

घरात अँटेना लावणे सोपे होते. तळहातापेक्षा थोडी मोठी चौकोनी पाटी. तिला आभाळ दिसले पाहिजे आणि तोंड सय्याऱ्याकडे पाहिजे, एवढीच अट. सोलापुरातून तो पूर्व आणि आग्नेय यांच्या मध्ये, क्षितिजापासून साधारण पन्नास अंश वर. आम्ही होकायंत्र घेऊन गच्चीवर गेलो आणि पाटी टेकवली. खाली येऊन दादांना दिशा सांगितली तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “याने किबलेकू पीठ.” मग स्वतःच हसले. नमाजाच्या वेळी रेडिओ बंद असतो, तेव्हा कोणाची पाठ कोणाकडे याचा प्रश्न येत नाही, असा निवाडाही त्यांनीच दिला.

अडचण गाडीची होती. डोळे गेलेला माणूस गाडीत किती घाबरतो हे आम्हांला दादांमुळे कळले. समोर खड्डा आहे हे दिसत नाही, ब्रेक लागणार हे आधी समजत नाही, समोरच्या ट्रकचा हॉर्न अंगावर आल्यासारखा वाटतो. दादा पुढच्या सीटवर बसून दाराची कडी दोन्ही हातांनी धरायचे आणि गुलबर्ग्याला पोहोचेपर्यंत सोडायचे नाहीत. गुलबर्ग्याला आमच्या फुफी राहतात. शे-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता, महिन्या-दोन महिन्यांनी जाणे व्हायचेच. (२०१४ पासून त्या शहराचे नाव कलबुर्गी आहे. आमच्या घरात ते अजून रुळलेले नाही.) गाडीत कानाशी ओळखीचा आवाज असला तर दादा शांत बसतील, असे अम्मीच्या मनात आले. वाटेत एफएम लागत नव्हते आणि कॅसेट दादांना नको होत्या. कॅसेटमध्ये पुढे काय येणार ते आधीच माहीत असते, अशी त्यांची तक्रार.

मग अँटेना लपवायची का? चोर हे कारण चाचांनी सांगितले, पण ते सांगायचे कारण होते. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले होते, ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात. मालेगावात मेले ते बहुतेक मुसलमान, आणि आधी धरले तेही मुसलमानच. त्या तरुणांना न्यायालयाने प्रकरणातून मुक्त केले ते २०१६ मध्ये. २००८च्या जानेवारीत आम्हांला ते ठाऊक असणे शक्य नव्हते. आमच्या गल्लीत कोणी मोबाइलचे दुकान टाकले तरी लोक म्हणायचे, सिमची कागदपत्रे नीट ठेव बाबा. चाचा म्हणाले, “अपनेकू मालूम है रेडिओ है. देखनेवालेकू अँटेना दिखता. पाँच आदमी, दो दाढ़ियाँ और ऊपर से अँटेना.” यावर कोणी काही बोलले नाही.

आता वायरिंगची गोष्ट, कारण त्या तीन रविवारांत आम्ही जेवढे भौतिकशास्त्र शिकलो तेवढे बारावीत शिकलो नव्हतो. या रेडिओची लाट फक्त वीतभर लांबीची. पत्रा आला की ती संपली. ॲम्बॅसिडर म्हणजे चहूबाजूंनी पत्रा, आणि जुना पत्रा, आजच्या गाड्यांसारखा कागदी नव्हे. डिकीत पाटी ठेवली तर शून्य. छताच्या रेक्झिनच्या आत सरकवली, शून्य. रेक्झिनमधून लाट जाते, पण वर छत आहेच. बॉनेटखाली तर इंजिनाची उष्णता. आम्ही पाटी हातात घेऊन गाडीत सगळीकडे फिरवायचो आणि चुलतभाऊ रेडिओच्या पडद्यावर सिग्नल किती ते मोठ्याने ओरडून सांगायचा. शेजाऱ्यांना वाटले गाडी विकायला काढली.

काच, लाकूड, कापड, प्लॅस्टिक यांतून ती लाट जाते. म्हणजे जागा दोनच: समोर डॅशबोर्डवर पुढच्या काचेखाली, नाहीतर मागे, सीटच्या पाठीमागच्या फळीवर. मागची जागा लपवायला उत्तम. तिथे स्पीकरचा लाकडी खोका होता, त्यातला एक स्पीकर काढून पाटी आत बसत होती. बसवली. सिग्नल नाही. अर्धा दिवस डोके खाजवले तेव्हा लक्षात आले की मागच्या काचेवर काळी फिल्म आहे आणि ती चकाकणारी, धातूचा मुलामा असलेली. ती अम्मी आणि चाचींसाठी लावली होती. फिल्म खरवडून काढली, सिग्नल आला, आणि चाची म्हणाल्या, “दादांचा रेडिओ वाजेल, आम्ही काय डोक्यावर चादर घेऊन बसायचे?” मग तिथे पडदा आला. पडद्यातून लाट जाते. (पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मच बंद केल्या. आमचा पडदा चार वर्षे आधीचा.)

तरी एक घोळ राहिलाच. सोलापूरहून गुलबर्ग्याला जाताना गाडीचे तोंड बहुतेक वेळ पूर्व-आग्नेयेला असते, म्हणजे सय्यारा समोर. तेव्हा मागच्या फळीवरच्या पाटीला आपलेच छत आडवे येते. परतताना तो पाठीशी, तेव्हा मागची जागा योग्य. म्हणजे जाताना पाटी पुढे आणि येताना मागे. अमेरिकेत एक्सएम आणि सिरियस या कंपन्यांनी २००१-०२ पासून गाड्यांसाठीच असा रेडिओ सुरू केला होता. तिथे शहरांतून जमिनीवरचे मनोरे उपग्रहाचा आवाज पुन्हा पसरवायचे, आणि छतावर लोहचुंबकाने चिकटणारी लहानशी अँटेना पुरायची. आपल्याकडे मनोरे नव्हते. आपल्याकडे फक्त आभाळ होते. खरे तर छतावर, आभाळाकडे तोंड करून आडवी ठेवलेली पाटी कोणत्याही वळणाला चालली असती. हे पहिल्या रविवारीच कळले होते, पण छत हा शब्द काढायचा नव्हता.

अम्मीने तोडगा काढला. डॅशबोर्डवर टिश्यू पेपरचा पुठ्ठ्याचा खोका ठेवायचा, आत पाटी, वर क्रोशाने विणलेला रुमाल. टीव्हीवर असतो तसा. येताना तोच खोका उचलून मागे. वायर पंधरा फुटांची होती, ती मॅटखालून नेली. रेडिओ पुढच्या सीटखाली. त्याचा आवाज टेपमध्ये न्यायला कॅसेटच्या आकाराची, वायर लोंबणारी वस्तू मिळते, ती पस्तीस रुपयांना आणली. रुमाल घातल्यावर चाचांनी चारी बाजूंनी फिरून पाहिले आणि “शाबास” म्हणाले. आम्हांला फार अभिमान वाटला. दादांनी रुमालावरून हात फिरवला आणि विचारले, “हबशीकू बुरखा कायकू?” चाचा म्हणाले, धुळीसाठी.

सहा महिने छान गेले. दादांनी दाराची कडी सोडली. झाडांची रांग आली की आवाज तुटायचा, त्यावरून ते रस्ता ओळखायला शिकले. इथे दोन वेळा तुटले म्हणजे अक्कलकोट जवळ आले, असे सांगायचे. बरोबर असायचे.

२५ जुलै २००८ ला बंगळूरात आणि २६ ला अहमदाबादेत स्फोट झाले. फुफीच्या मुलीची मंगनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठरलेली होती. जावे की न जावे यावर घरात चर्चा झाली, पण मंगनीला मुलीच्या मामांनी न जाणे बरे दिसत नाही. अब्बा चालवत होते, दादा पुढे, मागे अम्मी, चाची, धाकटी बहीण आणि आम्ही. चाचा दुसऱ्या गाडीने मागून येणार होते. पावसाची भुरभुर होती. कर्नाटकची हद्द यायच्या आधी एका ठिकाणी रस्त्यावर अडथळे लावले होते. पावसामुळे पोलीस एका मोठ्या वडाखाली उभे होते आणि गाड्या तिथेच घ्यायला सांगत होते. आमच्या पुढची जीप हात दाखवून सोडली. आमच्या गाडीला हात आडवा झाला.

हवालदार वयस्क होते. कागद पाहिले, डिकी पाहिली, मिठाईचे खोके पाहिले. सगळे रीतसर. जाता जाता त्यांनी पुढच्या काचेतून रुमाल पाहिला आणि तो दोन बोटांनी उचलला. खोक्यात टिश्यू पेपर नव्हते.

“हे काय? ही वायर कुठं जाते?”

अब्बा “रेडिओ” म्हणाले असते तर कदाचित तिथेच संपले असते. पण आम्हांला माहिती होती ना! आम्ही मागून पटकन, एका दमात म्हणालो, “सॅटेलाइट रेडिओची अँटेना आहे, साहेब.”

‘सॅटेलाइट’ या शब्दाचे वजन आम्हांला त्या दिवशी कळले. हवालदार एक पाऊल मागे गेले. त्यांनी रुमाल सोडून दिला, तो दादांच्या मांडीवर पडला. मग फौजदार आले, तरुण, आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे असतील. सगळ्यांना खाली उतरवले. अम्मी आणि चाची बुरख्यात, पावसात, बहिणीला मध्ये घेऊन उभ्या राहिल्या. दादांना उतरवू नका, त्यांना दिसत नाही, असे अब्बांनी विनवले. ते मान्य झाले.

“लपवून का ठेवलंय?” फौजदारांनी विचारले.

याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. म्हणजे उत्तर होते, पण ते त्यांना सांगण्यासारखे नव्हते. अब्बा म्हणाले, “धुळीसाठी, साहेब.” बाहेर पाऊस पडत होता.

“वाजवून दाखवा.”

आम्ही रेडिओ लावला. वाजेना. वडाखाली, ओल्या पानांखाली कसा वाजणार! आम्ही सांगू लागलो की झाडाखाली लागत नाही, मोकळे आभाळ लागते, गाडी वीस फूट पुढे घेऊ का. गाडी हलवायची नाही, असे उत्तर आले. ते आज आम्हांला समजते. तेव्हा फक्त घाम फुटला. शेवटी आम्ही म्हणालो, वायर लांब आहे, पाटी हातात घेऊन झाडाबाहेर उभे राहतो. अम्मीने आमची बाही धरली. “तू नक्को जा,” ती हळूच म्हणाली. पण दिशा आमच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. फौजदारांनी मान हलवली आणि हवालदार काठी घेऊन आमच्यामागे निघाले.

झाडाच्या कडेपर्यंत वायर ताणून पुरली. आम्ही दोन्ही हातांनी पाटी डोक्यावर धरली आणि अंदाजाने आळंदच्या बाजूला तोंड करून उभे राहिलो. हा रेडिओ लगेच लागत नाही. सिग्नल सापडला तरी काही सेकंद घेतो. त्या काही सेकंदांत आमच्या मनात जे आले ते आम्ही आजवर घरात कोणाला सांगितलेले नाही. रेडिओ फलकवर लावलेला होता, दादा दुसरे काही लावू द्यायचेच नाहीत. आणि आम्ही, पहिलीपासून उर्दूत शिकलेले, आज उर्दू शाळेतच पोट भरणारे, मनात म्हणत होतो, या अल्लाह, फलक नको लागू दे. गंधर्व लागू दे, फरिश्ता लागू दे, लताबाई असू देत. उर्दू बोलणारा आवाज नको.

फलकच लागले. गाडीच्या उघड्या दारांतून बाईंचा आवाज आला, त्या निवेदन करत होत्या, अगदी शुद्ध उर्दूत, आणि नंतर गजल सुरू झाली. कोणी हलले नाही. आम्ही पाटी धरून तसेच. फौजदारांनी अर्धा मिनिट ऐकले आणि विचारले, “कोण गातंय?”

आम्हांला नाव माहीत होते आणि अब्बांनाही होते. आम्ही दोघे गप्प बसलो. गाडीतून दादा खणखणीत म्हणाले, “मेहदी हसन.”

अब्बांनी डोळे मिटले. फौजदार म्हणाले, “पाकिस्तानचे ना?”

“पैदा हिंदुस्तान में हुए,” दादा म्हणाले, “राजस्थान, लूणा गाव. सन सत्ताईस.” आणि वर, “तुमने सुना नहीं क्या इनकू?”

फौजदार हसले की नाही ते आम्हांला दिसले नाही, आमचे तोंड आळंदकडे होते. अब्बा नंतर म्हणाले, हसले. अम्मी म्हणते, मुळीच नाही. त्यांनी “ठीक आहे, बंद करा” म्हटले. मग वहीत गाडीचा नंबर, अब्बांचे, आमचे आणि दादांचेही नाव, पत्ता लिहून घेतला. पाऊण तास लागला. त्यांचे काम ते करत होते, असे अब्बा म्हणतात आणि आम्हीही वर्गात मुलांना तसेच सांगू. पण पुढची जीप त्यांनी हाताने सोडली होती, हेही आम्ही विसरलेलो नाही.

आळंदपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. आळंदला चहाच्या टपरीवर चाचा भेटले आणि वाद झाला, जो आजही ईदच्या दिवशी कधीमधी निघतो. अब्बा म्हणाले, लपवले म्हणून झाले. उघडे असते तर एक नजर टाकून सोडले असते. चाचा म्हणाले, उघडे असते तर दर नाक्यावर झाले असते. अब्बा चिडून म्हणाले, “काच पे सात सौ छियासी लिखा सो चलता, और रेडिओ ढाँपना?” चाचा म्हणाले, “तो छियासी भी निकाल डालो.” दोघांच्या चहावर साय आली. आमचे मत विचाराल तर दोघेही बरोबर होते, आणि त्याहून वाईट काय असणार!

दादांनी या वादात एकच प्रश्न विचारला: “धूल का तो बहाना था ना?” कोणी उत्तर दिले नाही. परतताना त्यांनी रेडिओ लावू दिला नाही. दाराची कडी धरून बसले.

पुढच्या जुम्म्यानंतर अब्बांनी गाडी बाहेर काढली आणि आम्हांला म्हणाले, छतावर बसव. पाटीला पट्टी मारली, छताला दोन भोके पाडून बोल्ट टाकले, पाऊस जाऊ नये म्हणून वरून प्लॅस्टिकचा पांढरा डबा उपडा ठेवून कडा सीलबंद केल्या. दुरून डोक्यावर टोपी घातल्यासारखी गाडी दिसायची. एवढ्यावर अब्बांचे समाधान नव्हते. त्यांनी नंबरप्लेट रंगवणारा पेंटर बोलावला. डब्यावर ‘रेडिओ’ असे मोठ्या अक्षरांत लिहायचे होते, म्हणजे कोणी विचारायलाच नको.

पेंटरने आधी हिरव्या रंगाचा डबा उघडला. चाचा म्हणाले, हिरवा नको. भगवा काढला. तोही नको. निळ्यावर थोडा विचार झाला. शेवटी काळा ठरला. मग पेंटरने विचारले, कोणत्या भाषेत? सोलापूरचे पेंटर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळे लिहितात, त्याच्यासाठी साधा प्रश्न होता. अब्बांच्या दुकानाची पाटी वर उर्दूत आणि खाली मराठीत आहे, आजोबांच्या हट्टाने तशी आहे. अब्बा थोडा वेळ डब्याकडे पाहत राहिले. म्हणाले, “मराठीत. फक्त मराठीत.”

दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर दादांना बाहेर आणले. त्यांनी हात वर करून डबा चाचपला. ऑइलपेंट जाड बसला होता, बोटांना अक्षरे लागत होती. दादा उजवीकडून डावीकडे बोट फिरवत राहिले.

“क्या लिखेला है?” त्यांनी आम्हांला विचारले.

आम्ही म्हणालो, “रेडिओ.”

दादांनी पुन्हा एकदा बोट फिरवले, या वेळी डावीकडून. “हौ,” ते म्हणाले, आणि हात खाली घेतला. दादांना मराठी वाचता येत होते, गिरणीतल्या नोटिसा मराठीतच असायच्या. त्यांनी आणखी काही विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

त्यानंतर गुलबर्ग्याला पाच-सहा फेऱ्या झाल्या. २६ नोव्हेंबर २००८ नंतरच्या नाकाबंदीत दोनदा थांबवले. एकदा डब्यावरचे वाचून सोडले, एकदा डबा उघडायला लावला. म्हणजे वादाचा निकाल त्यानेही लागला नाही. वर्ल्डस्पेसने २००८च्या ऑक्टोबरातच अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला होता. भारतातली सेवा ३१ डिसेंबर २००९ ला बंद झाली. दादांनी त्या रात्री गाडीत बसून ऐकायचे ठरवले, घरातल्या रेडिओवर नाही. थंडी होती, अम्मीने रजई दिली. आम्ही शेजारी बसलो. आवाज थांबल्यावर दादांनी विचारले, “झाड आया क्या?” गाडी दारातच उभी होती.

दादा २०११ मध्ये गेले. गाडी २०१३ मध्ये भंगारात दिली, तेव्हा आम्ही नुकतेच बी.एड. होऊन शाळेत लागलो होतो. भंगारवाला ओळखीचाच, आमच्या वर्गातल्या एका मुलाचा चाचा. त्याने काच वेगळी केली, टायर वेगळे केले. मग छतावर चढून डबा पान्याने उचकटला, उलटा करून आतली पाटी पाहिली आणि वरून विचारले, “सर, इसका वजन अलग करूँ, या छत के साथ?”